टॉवर गेला तरी मागच्या गल्लीतलं चार्जिंग फोनला का सापडू नये?

सीनाकाठचा
२०२५च्या सप्टेंबरात सीनेचं पाणी शिरलं तेव्हा परंडा तालुक्यातली आमची वस्ती दोन दिवस तुटली होती. आधी लाईट गेली, मग रेंज. शाळेच्या गच्चीवर आम्ही सत्तरेक माणसं, चाळीसेक फोन, माझा ९ टक्क्यांवर. तिसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर कळलं की शाळेमागच्या गल्लीत एकाच्या पत्र्यावर सोलरची प्लेट होती, खाली भरलेली बॅटरी, आणि तो गडी दोन दिवस चार्जर मांडून बसला होता, कोणी येतंय का बघत. अंतर दीडशे पावलं. मधल्या माळवदावर तिघं जण बसले होते, त्यांच्याही खिशात फोन.

प्रत्येक फोनात ब्लूटूथ आहे, वायफाय आहे. घरातला प्रिंटर, टीव्ही फोनला आपोआप सापडतो. मग टॉवर नसताना एका फोननं दुसऱ्याला ‘इथं चार्जिंग आहे’, ‘इथं होडी आहे’ एवढं का सांगू नये? तीन रस्ते दिसतात. ज्याच्याकडं वस्तू आहे त्यानं दवंडी पिटायची. किंवा ज्याला गरज आहे त्यानं विचारत सुटायचं. किंवा एका फोनला चावडी करायचं, सगळी नोंद तिथं. चावडी मला पटत नाही. तो एक फोन बंद पडला की गावाची वहीच बुडाली. दवंडी आणि विचारपूस मिळून काम होईल असं माझं मत आहे, आणि सगळ्या फोनांत ही सोय मुळातच असायला पाहिजे. बोला.

मोंढ्यातला मुनीम
भाऊ, तुमच्यावर गुदरलं ते वाईटच. पण ९ टक्के उरलेल्या फोनला तुम्ही आणखी कामाला जुंपताय. सोलरवाल्याचा फोन ओरडंल, त्याला काय तोटा? ज्याला पाहिजे त्याला दिवसभर कान उघडे ठेवावे लागतील ना! २०२०ला आरोग्य सेतूसाठी ब्लूटूथ चालू ठेवा म्हणले तर आमच्या आडतीवर निम्म्यांनी दुपारपर्यंत बंद केलं, बॅटरी खातंय म्हणून.

देवळात भोंगा असतो, मशिदीत असतो. बारा व्होल्टची बॅटरी लावली की अर्धं गाव ऐकतं. एवढ्यासाठी फोन कामून?

सीनाकाठचा
मुनीम मामा, आमचं मारुतीचं देऊळच पाण्यात होतं. आणि भोंगा सांगतो, त्याला काही विचारता येत नाही.

उदगीरवाला
(पुण्यात असतो, पोटासाठी वायरलेसचंच काम.) मामांचं बॅटरीचं अर्धं बरोबर आहे. ब्लूटूथ लो एनर्जीत (कमी वीज खाणारा ब्लूटूथ) ओरडणं स्वस्त, ऐकणं महाग. ओरडणारा ३७, ३८, ३९ या तीन चॅनेलवर क्षणभर बोलतो आणि झोपतो. ऐकणाऱ्याला रेडिओ उघडा ठेवून बसावं लागतं. वायफाय अवेअर म्हणून राउटरशिवाय फोननं फोन शोधायची सोय आहे, तिच्यात यावर तोड आहे. आसपासचे फोन आपसांत घड्याळं जुळवतात आणि दर अर्ध्या सेकंदाला सोळाएक मिलिसेकंदांची खिडकी उघडतात. जे काय बोलायचं-विचारायचं ते तेवढ्यात, मग पुन्हा झोप. अँड्रॉइड ८पासून सोय आहे, पण ती चिपमध्येही असावी लागते. गावातल्या सात-आठ हजारांच्या फोनांत सहसा मिळत नाही.

आता प्रिंटरचं. भाऊ, ते उदाहरण इथं लागू नाही. प्रिंटर सापडतो एमडीएनएसमुळं, म्हणजे एकाच वायफायवरची यंत्रं एकमेकांना शोधतात त्या पद्धतीमुळं. फोन २२४.०.०.२५१ या पत्त्यावर विचारतो, ‘छापणारं कोणी आहे का?’ आणि प्रिंटर ओ देतो. पण ही हाक एका घरच्या वायफायपुरती. राउटर ती उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, मुद्दामच. तुमच्या गल्लीत राउटर नाही. प्रत्येक फोन म्हणजेच राउटर, आणि माणूस उठून चालला की रस्ता मोडला. मग हाक पुढं कोणी न्यायची? सगळ्यांनी? चाळीस फोन एका गच्चीवर. एकानं विचारलं ‘चार्जिंग?’ की ३९ जण तेच ओरडणार, एकमेकांवर. कोणाचंच कोणाला ऐकू येणार नाही. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. तैवानच्या संशोधकांनी १९९९लाच हिशोब मांडलाय: एखादी हाक तुमच्या कानावर चार वेळा आली असेल, तर ती तुम्ही पुन्हा देऊन सरासरी ५ टक्केसुद्धा नवी जागा व्यापत नाही. म्हणजे अशानं गप्प बसावं. गच्चीवरचे बहुतेक फोन गप्प आणि माळवदावरचा एखादा बोलका, असं जमलं तरच तुमचं गाडं चालेल.

आणखी एक गंमत. ब्लूटूथच्या साध्या दवंडीत एकूण ३१ बाइट मावतात. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘चार्जिंग’ या एका शब्दात काना, रफार, वेलांटी, अनुस्वार धरून आठ चिन्हं, म्हणजे २४ बाइट झाले. दवंडीचा सरंजाम धरला की संपलंच. म्हणून शब्द पाठवायचे नाहीत, आकडे पाठवायचे: १ म्हणजे पाणी, २ म्हणजे चार्जिंग. पण कोणता आकडा कशाचा, हे सगळ्या फोनांना आधीच ठाऊक असायला हवं. खरं घोडं तिथंच पेंड खातं. रेडिओचं काहीतरी जमवता येतं, यादी कोणी ठरवायची यावर आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं भांडणं चालतात.

औश्याचे काका
३० सप्टेंबर १९९३ला भूकंप झाला तेव्हा मी किल्लारीकडं गेलेल्या पोरांत होतो. कुठं पाणी मिळतं, कुठं डॉक्टर आलेत, सगळं चालत जाऊन विचारायचं. कोणी सांगितलं तिकडं टँकर उभा आहे, घागरी घेऊन पोचावं तर रिकामा, ड्रायव्हर कधीच निघून गेलेला. सांगणारा खोटा नव्हता, बातमी शिळी होती. तुमचा फोन शिळी बातमी कशी ओळखणार, तेवढं सांगा.

उदगीरवाला
काका, नेमकं बोट ठेवलंत. प्रत्येक नोंदीला आयुष्य द्यावं लागतं. एमडीएनएसमध्ये यंत्राच्या पत्त्याची नोंद १२० सेकंद धरतात, पण ‘अशी सेवा आहे’ ही नोंद ७५ मिनिटं. जाताना यंत्रानं शून्य आयुष्याचा निरोप पाठवून ‘मी चाललो’ म्हणायचं असतं. बॅटरी संपून मेलेला फोन निरोप घेत नाही. मग तुमचा रिकामा टँकर ७५ मिनिटं यादीत उभाच. आयुष्य दोन मिनिटांवर आणलं तर सारखी दवंडी आली, आणि बॅटरीवरून पुन्हा मुनीमजी रागावणार.

मोंढ्यातला मुनीम
रागावणारच. तुम्हीच आमची बाजू मांडताय!

गेवराईची सिस्टर
मी उपकेंद्रावर असते. पाणी, होडी, चार्जिंग इथवर ठीक. पण हे लोण औषधांवर येणारच, तुम्ही कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. पुरात इन्शुलिन कोणाच्या घरी आहे हे फोन सांगत सुटला की त्या घरात कोणाला साखर आहे हे गावभर झालं. आमच्याकडं टीबीची गोळी पदराआड नेतात, भाऊ. शिवाय घरात बाई एकटी आहे, बाहेर अंधार, आणि तिचा फोन आपण होऊन शंभर पावलांवरच्या कोणालाही सांगतोय, या, इथं चार्जिंग आहे. तुम्ही गच्चीवर सत्तर जण होता म्हणून तुम्हाला दवंडी गोड लागते.

आणि खोटी दवंडी? बोगस डॉक्टरला निदान बोर्ड टांगायला भिंत तरी लागते. इथं आकडा ५ पाठवला की झाला दवाखाना.

सीनाकाठचा
ताई, डॉक्टरचं, आशाताईचं प्रमाणपत्र आधीच फोनात घालून ठेवता येईल ना? सही असल्याशिवाय दवाखान्याचा आकडा मानायचाच नाही.

उदगीरवाला
सही ६४ बाइटची, दवंडी ३१ची. दोन फोनांची जोडणी करून मग तपासावी लागेल. जमतं, पण प्रत्येक जोडणीला बॅटरी. ताईंची भीती हवेतली नाही. ब्रिजफाय नावाचं असंच फोन-टू-फोन अ‍ॅप २०१९ला हाँगकाँगच्या आंदोलनात गाजलं. २०२०ला लंडनच्या संशोधकांनी ते उघडून बघितलं तर कोण कोणाशी बोलतं हे कळत होतं, निरोपही वाचता येत होते.

माझं मत ताईंच्या बाजूला झुकतंय. माणसाच्या घरातलं काही दवंडीत नको. फोननं ऐकावं, विचारणारा ओळखीचा असेल तर मालकाला विचारून उत्तर द्यावं.

मोंढ्यातला मुनीम
सगळे अ‍ॅपात काय असावं ते बोलताय. पूर आल्यावर अ‍ॅप उतरवून कशानं घेणार, नेट तर नाही! पूर यायच्या आधी घेणारा माणूस मी अजून बघितला नाही. आणि घेतलं तरी माझा फोन दोन दिवस न उघडलेलं अ‍ॅप आपोआप मारतो, पिकअपवाल्याचं लोकेशन बघायचं अ‍ॅप असंच मरतं रोज. शेअरइट होतं तेव्हा एकाकडून दुसऱ्याकडं अ‍ॅप जायचं बिनानेटचं, ते २०२०च्या जूनमध्ये बंद केलं सरकारनं.

सीनाकाठचा
हे मात्र मान्य. म्हणूनच म्हणतो, अ‍ॅप नको, फोनातच पाहिजे. आणि टॉवर फक्त पुरातच आंधळा होतो असं नाही मामा. २०२३च्या ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबरच्या सुरवातीला मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड-जालन्यात नेट बंद केलं होतं, तेव्हा नदीला काही पाणी नव्हतं.

ताईंचं ऐकून माझ्या यादीतून औषधं काढतोय. चार आकडे ठेवतो: पाणी, चार्जिंग, होडी, निवारा. आणि दवंडी फक्त सार्वजनिक जागेच्या फोनवरून, म्हणजे शाळा, ग्रामपंचायत, देऊळ. घरचा फोन नुसता ऐकंल. सोलरवाल्यानं आपली वस्तू शाळेच्या फोनवर नोंदवायची.

औश्याचे काका
म्हणजे शेवटी चावडीच केली की.

सीनाकाठचा
काका, चावडी एक नाही, पाच-सहा ठेवू. एक बुडाली तर दुसरी. पुढच्या आठवडी बाजारात दहा-बारा फोन घेऊन बसतोय, किती पावलांवर ऐकू येतं ते मोजायला. उदगीरवाले भाऊ, सुट्टी काढा.

उदगीरवाला
येतो. पत्र्याच्या शेडाखाली नका बसू, पत्रा सिग्नल खातो. आणि दुपारी गर्दी असताना मोजा. माणसाच्या अंगात पाणी, तेही २.४ गिगाहर्ट्झ अडवतं. सकाळी रिकाम्या पटांगणात आलेला आकडा घेऊन मला दाखवायला येऊ नका.