मदत हवी आहे : दानीएलासारखं वागू की नामानासारखं?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

ऑफिसात खोटी बिलं जोडणं आता कोणालाच वावगं वाटत नाही. मी स्वतः जोडत नाही, पण इतरांची बिलं माझ्याच टेबलावरून पुढे जातात आणि त्यांवर सही माझी असते. बायबलमधल्या मत्तय 5:37 मधलं होय तर होय, नाही तर नाही, हे रोज टोचतं.

नोकरी सोडावी, तर प्रेषित पौल 1 करिंथ 5:10 मध्ये म्हणतो की अशा लोकांपासून पूर्ण वेगळं व्हायचं तर जगातूनच निघून जावं लागेल. बंदिवासात नेलेला यहूदी दानीएल बाबेलच्या दरबारातच राहिला, पण राजाच्या अन्नाने विटाळला नाही. आणि अरामाचा सेनापती नामान? इस्राएलाच्या देवाला मानू लागल्यावरही धन्याबरोबर रिम्मोन या परक्या दैवताच्या देवळात वाकावं लागेल, असं त्याने आधीच सांगितलं, तरी अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटलं (2 राजे 5). हा आधार मला घेता येतो का, की ही माझी पळवाट आहे? प्रार्थनेला बसलं की हेच मनात येतं.

समोरच्याला दोषी न ठरवता सही नाकारायची कशी? कोणी प्रत्यक्ष नाकारली असेल, तर वरिष्ठांशी नेमकं काय बोललात ते सांगा. घरात मिळवती मी एकटीच आहे.