आईच्या आजारपणासाठी रजा: परिवर्तित टाकू की ईएल (अर्जित रजा)?

दुधनाकाठ: मंडळी, जालना जिल्ह्यात तहसीलला लिपिक आहे. आईला लकवा मारलाय, संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात ॲडमिट आहे. दीड महिना तरी जवळ थांबावं लागेल. सीएल (किरकोळ रजा) संपल्यात. ऑफिसात म्हणतात, आईचे कागद जोडून परिवर्तित रजा (दोन अर्धवेतनी रजांच्या बदल्यात एक पूर्ण पगारी) टाक, पूर्ण पगार निघेल. चालेल का?

सेवापुस्तक: नाही दादा. परिवर्तित रजा स्वतःच्या आजारपणालाच, तीही स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर. खोटं सर्टिफिकेट तर आणूच नका, नोकरीवर बेतेल.

आधी रजेचा हिशेब बघा. 1 जानेवारी आणि 1 जुलैला प्रत्येकी 15 अर्जित आणि 10 अर्धवेतनी जमा होतात. या नोंदी कित्येकदा मागे पडलेल्या असतात. चढवून घ्या, नाहीतर 'रजा शिल्लक नाही' असा शेरा मारून अर्ज परत येतो. 45 ईएल निघत असतील तर त्याच टाका, पगार पूर्ण. कमी पडल्या तर पुढचे दिवस अर्धवेतनी, कारण 'खाजगी काम'. त्याला प्रमाणपत्र लागत नाही.

अर्जात रजाकाळातला पत्ता आणि मुख्यालय सोडायची परवानगी लिहाच, कारण तुम्ही संभाजीनगरला असणार. मागचे-पुढचे शनिवार-रविवार जोडून मागा. मधले मात्र रजेतच धरतात.

गोदामाय: व्हॉट्सॲपवर 'आईवडिलांसाठी 30 दिवस नवी रजा' फिरतंय, त्यावर विसंबू नका. जुलै 2025 मध्ये राज्यसभेत केंद्रीय कर्मचाऱ्यांबद्दल उत्तर आलं होतं: वर्षाच्या 30 अर्जित रजा आईवडिलांच्या सेवेसाठीही घेता येतात. नवीन काहीच नाही. आपली 180 दिवसांची बालसंगोपन रजा 18 वर्षांखालच्या लेकरांसाठी आहे, आईसाठी नाही.

दुधनाकाठ: अर्ज देऊन लगेच निघालो तर?

सेवापुस्तक: मंजुरीशिवाय नको. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. न कळवता राहिलात तर अनधिकृत गैरहजेरी लागते आणि तेवढा पगार जातो. घाटीचा ॲडमिशनचा कागद घेऊन साहेबांना समक्ष भेटा, अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. साहेब रजा नाकारू शकतात, पण तुम्ही ईएल मागितली असताना परस्पर दुसऱ्या प्रकारची करू शकत नाहीत. टेबल कोणाकडे देताय तेही अर्जातच लिहा, सही लवकर होते.

वाळूज_शिफ्ट: कंपनीत असणाऱ्यांसाठी: ईएसआयसीत (कामगार विमा योजनेत) अवलंबून असलेल्या आईवर उपचार होतात, पण 70 टक्के पगाराचा 91 दिवसांचा आजारपण लाभ कामगार स्वतः आजारी असेल तरच मिळतो. आईसाठी साठलेली पगारी रजाच वापरावी लागते.