कादंबरीसाठी मदत हवी: ऐरोलीची मुलगी, सिंगापूरचा मुलगा आणि महापेचा प्लॉट

खाडीकाठ
साल 2023. ऐरोलीच्या आगरी घरातली मुलगी महापेतल्या एका लिस्टेड कंपनीत, कंपनी सेक्रेटरीच्या हाताखाली. मुलगा सिंगापूरचा, चिनी वंशाचा; याच कंपनीचं डेटा सेंटर विकत घ्यायला आलेल्या फंडाचा माणूस. मुलीचे वडील नगरसेवक. लग्न मोडावं म्हणून ते महापालिकेत डेटा सेंटरच्या प्लॉटची फाइल अडवतात. दोघं वाशीत दोन दिवसांत रजिस्टर लग्न उरकतात. तेवढ्यात सौद्याची बातमी फुटते, शेअर वर जातो, आळ मुलीवर येतो. प्रेमाचं मी बघतो, कागदोपत्री कुठे फसतंय ते सांगा.

ठाणे_बेलापूर
पहिल्याच पायरीवर फसलंय. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे 2020 मध्ये संपली आणि पुढे बरीच वर्षं प्रशासक होता. म्हणजे 2023 मध्ये वडील ‘माजी’. महासभा नाही, स्थायी समिती नाही, फाइल अडवणार कुठून?

शिवाय महापेचा प्लॉट महापालिकेचा नाही, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचाही नाही. टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) हा औद्योगिक पट्टा एमआयडीसीचा, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचा. जमीन 95 वर्षांच्या लीजवर, ती दुसऱ्याच्या नावावर करायची तर एमआयडीसीची परवानगी आणि वर डिफरन्शियल प्रीमियम नावाचं हस्तांतरण शुल्क. बांधकाम परवानगीही तेच देतात. तेव्हा बापाला एमआयडीसीतला ओळखीचा माणूस गाठू द्या, नाहीतर प्रकल्पग्रस्तांचा मोर्चा गेटवर आणू द्या. माजी नगरसेवकाचं खरं वजन तिथेच दिसतं.

याहून जालीम शस्त्र दिल्लीत आहे. फंड सिंगापूरचा असला, तरी मागचा लाभार्थी मालक चीनमधला निघाला तर परदेशी गुंतवणुकीवरच्या 17 एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 नुसार गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी लागते. एक निनावी पत्र गेलं की सौदा लटकलाच. कायदा पैसा कुणाचा ते बघतो, मुलाचं आडनाव बघत नाही. पत्र लिहिणारा मात्र आडनावच पुढे करणार.

सही_शिक्का
दोन दिवसांत लग्न विसरा. धर्म वेगळे, त्यात एक जण परदेशी, म्हणजे 1954 चा विशेष विवाह कायदा. नोटिशीआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य हवं. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी आणखी 30 दिवस. मग लग्न, तीन साक्षीदारांसमोर. नोटिशीपासून तीन महिन्यांत झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मुलाचा अविवाहित असल्याचा दाखला आधीच मागवून ठेवायला लावा, तो रखडला की सगळ्या तारखा कोसळतात.

आता कथेच्या कामाचं. खारघर नवी मुंबईत असलं तरी जिल्हा रायगड; ऐरोली, वाशी ठाणे जिल्ह्यात. मुलगा खारघरला भाड्याने राहतो असं दाखवा. मुलगी घरच्यांना कळू नये म्हणून रायगडच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देते. पण तिचा कायमचा पत्ता ऐरोलीचा, त्यामुळे एक प्रत ठाणे जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावर लागते. बापाचा माणूस ती तिथे वाचतो.

बापाची नाराजी ही हरकत होत नाही. वय, हयात असलेला जोडीदार, निषिद्ध नातं, मानसिक अक्षमता एवढीच कारणं चालतात. पण खोटी हरकत घेतली तरी अधिकाऱ्याला निर्णयासाठी 30 दिवस असतात, आणि खोडसाळपणाचा खर्च लावला तर तो जास्तीत जास्त 1000 रुपये. हजार रुपयांत महिनाभर लग्न अडवता येतं, बापाला आणखी काय हवं!

गावात लग्नाचे धवले गाणारी धवलारीण बोलवा, हळदीला मटण करा, पण तेवढ्यावर हे लग्न कायद्यात उभं राहत नाही.

खाडीकाठ
ठाण्याला प्रत जाते, हे तर सोनंच हाती लागलं! शेअरचं काय?

तिमाही_निकाल
सीसीटीव्ही, फोन टॅपिंग वगैरे काही नको. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार) नियमांखाली कंपनीला डिजिटल नोंदवही ठेवावी लागते. बाहेर न आलेली माहिती कुणी कुणाला दिली, नाव, पॅन, वेळ, सगळं त्यात येतं आणि नंतर गुपचूप बदलता येत नाही. ही नोंद भरायचं काम तुमच्या नायिकेच्याच टेबलावर येणार. प्रियकराचं नाव तिनेच टाइप केलेलं असेल.

सौदा जाहीर झाल्यावर पुढे स्टॉक एक्स्चेंजचं पत्र येऊ शकतं. घोषणेआधी ज्यांच्या खरेदीवर संशय आहे त्यांची यादी, आणि विचारणा: यातलं कुणी ओळखीचं? कंपनी ती यादी सौद्यातल्या प्रत्येकाला फिरवते, उत्तर लेखी द्यायचं. नायिका एक्सेल उघडते, खाली सरकत जाते, आणि मधल्याच एका ओळीत चुलतभावाचं नाव. समोरचा रकाना तिला भरायचाय.

2023 च्या व्याख्येत चुलतभाऊ ‘जवळचा नातेवाईक’ नाही, प्रियकरही नाही. त्यामुळे भावाकडे माहिती होती हे सिद्ध करायचं ओझं सेबीवर. एका घरात राहणारी व्यक्ती नियमांत आली ती 2024 च्या शेवटी, तेव्हा त्यावर वकिलाचं भाषण रचू नका. दंड किमान 10 लाख. कमाल 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जास्त असेल ते.

आणि माहिती फुटली कुठून? मुलीकडून नकोच. वर ठाणे_बेलापूर म्हणाले तो एमआयडीसीतला हस्तांतरणाचा अर्ज बापाने घोषणेआधीच पाहिलेला, भावाला त्यानेच सांगितलं. लग्न मोडायला काढलेली फाइल मुलीच्याच गळ्याशी येते.

ट्रान्सहार्बर
2023 आहे ना, मग दिघागाव स्टेशनवर भेटवू नका आणि अटल सेतूवर पाठलागही नको. दोन्हींचं उद्घाटन 12 जानेवारी 2024 चं. ऐरोली नाहीतर रबाळे स्टेशन धरा.