छोट्या छापखान्याने मानसिक आरोग्याच्या कामाला कोणती मदत करावी?

महालातील छापखानेवाला

नागपूरच्या महाल भागात आमचा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके आणि दिवाळीच्या सुमारास दिनदर्शिका असे आमचे काम असून सात-आठ माणसे कामाला आहेत. आमच्या बाइंडिंग खात्यातील एका कामगाराच्या भावाला मनोविकाराच्या उपचारांसाठी दाखल करावे लागले. त्या कुटुंबाची ओढाताण जवळून पाहिल्यापासून या क्षेत्रासाठी काहीतरी करावे, असे मनाने घेतले आहे. ज्या कंपन्यांचा वार्षिक निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून अधिक असतो, त्यांना सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याचे बंधन आहे; आम्हाला ते लागू नाही, परंतु कायदा सांगत नाही म्हणून काहीच करू नये, हे पटत नाही. महिन्याला पाच हजार रुपये आम्ही निश्चित बाजूला काढू शकतो. 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एखादा कार्यक्रम पुरस्कृत करावा असे काही स्नेह्यांनी सुचवले आहे. त्याहून उपयोगी असे काही आहे का?

शुभंकर (मनोरुग्णांची काळजी घेणारे आप्त) गटातील कार्यकर्ती

भाऊ, कार्यक्रमावर पैसे खर्च करू नयेत, असे मी स्पष्टच सांगते. मंडप, फलक आणि स्मृतिचिन्हे यांना देणगीदार सहज मिळतात. समुपदेशकाचा पगार, जागेचे भाडे आणि विजेचे बिल यांना मात्र कोणी वाली नसतो. आपले पाच हजार दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, किमान तीन वर्षे येतील आणि ते दैनंदिन खर्चासाठी वापरण्यास हरकत नाही, असे आपण संस्थेला लेखी कळवले, तर एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा संस्थेला त्याचा आधार अधिक वाटेल, कारण त्या भरवशावर तिला माणूस नेमता येतो.

आपल्या व्यवसायातून होण्यासारखे कामही पुष्कळ आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी राज्यात चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यामुळे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया येथील माणसेही येथे येतात. त्यांच्या हातात कॅरीबॅग असते आणि तीत औषधांच्या चिठ्ठ्या इतक्यांदा घडी घातलेल्या असतात की पुढची तारीख घडीवरच पुसून गेलेली असते. खिसा असलेली जाड पुठ्ठ्याची फाईल, आतल्या बाजूस सकाळ-दुपार-रात्रीच्या औषधांचा मोठ्या अक्षरांतील तक्ता आणि पुढील भेटीच्या तारखांसाठी रकाने, एवढे आपण छापून दिले तरी घरच्यांचा मोठा भार हलका होईल. मजकूर मात्र मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावाच.

त्यासोबत दिनदर्शिकेवर आणि प्रत्येक बिलबुकाच्या मागील पुठ्ठ्यावर 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी मदतसेवेचा क्रमांक छापावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजाराच्या प्रकारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. इतवारीतल्या दुकानदाराच्या गल्ल्यावर वर्षभर पडून राहणारे बिलबुक अशा एखाद्या माणसापर्यंत नक्की पोहोचू शकते.

हिशेबनीस, धरमपेठ

देणगी देण्यापूर्वी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब पाहावेत. प्रामाणिक संस्था ते दाखवण्यास कचरत नाही. आपण सारे ज्याला 80जी म्हणतो ती देणगीवरील प्राप्तिकराची सवलत, आपला व्यवसाय वैयक्तिक मालकीचा असेल तर, जुन्या कररचनेत कर भरत असाल तरच मिळते, आणि 2,000 रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास मिळतच नाही. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीलाही ती नाही. शिवाय फाईल फुकट वाटल्यास, त्यांना लागलेल्या कागदावर आपण घेतलेले जीएसटीचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावे लागते. त्यापेक्षा लागत खर्चाच्या दराने संस्थेच्या नावे रीतसर बिल करावे आणि देणगी वेगळी धनादेशाने द्यावी, म्हणजे दोन्हीकडचे हिशेब स्वच्छ राहतील.

हिंगणा एमआयडीसीतील लघुउद्योजक

पैशांइतकीच निकड रोजगाराची आहे, आणि ती भागवणे छोट्या मालकालाच अधिक जमते, कारण आपल्याकडे माणूस आणि मालक समोरासमोर असतात. आमच्या पॅकिंग विभागात एका पुनर्वसन केंद्रामार्फत आलेला, स्किझोफ्रेनियावर नियमित उपचार घेणारा तरुण काम करतो. रात्रीच्या औषधांमुळे सकाळी त्याला जडपणा असतो. त्याची वेळ आठऐवजी दहाची केली आणि त्याच्या कामातील निम्म्या अडचणी तेथेच मिटल्या. पगार इतरांइतकाच आहे. सहानुभूतीच्या नावाखाली कमी मजुरी देणे मला अन्यायाचे वाटते, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, हे प्रत्येक मालकाने ध्यानात ठेवावे.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मनोविकारांवरील काही औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची क्षमता घटते. लिथियम घेणाऱ्याच्या शरीरातील पाणी कमी झाले, तर रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. म्हणून कोण कोणते औषध घेतो याची चौकशी न करता, एप्रिल ते जून दर तासाला पाणी आणि सावलीतील विश्रांती हा नियम आम्ही सर्वांनाच लावला आहे. आपल्या छापखान्यातील यंत्रांजवळही उकाडा असणारच.

एका शुभार्थीची (मानसिक आजार असलेल्या व्यक्तीची) बहीण

माझी विनंती एवढीच आहे की मदत देताना रुग्णांना रांगेत उभे करून छायाचित्रे काढू नयेत. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली आहे. माझ्या भावाचा फोटो अशा एका वाटपाच्या बातमीत छापून आला आणि ठरत आलेली त्याची नोकरी गेली. आपण तसे करणार नाही याची खात्री वाटते, पण उद्घाटनाला येणारे पाहुणे करतात.

महालातील छापखानेवाला

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. कार्यक्रमाचा विचार सोडला आहे. ताई, आपण म्हणता तसे तीन वर्षांचे पत्र देतो. उद्घाटनही करणार नाही, आणि फाईलवर छापखान्याचे नाव घालणार नाही, कारण ती हातात धरणाऱ्याकडून आमची जाहिरात होऊ नये. बाइंडिंगसाठी आणखी एक माणूस हवाच आहे. हिंगण्याच्या भाऊंनी त्या केंद्राशी बोलणी करून द्यावीत. दिनदर्शिकेची छपाई गणपतीनंतर सुरू होते, तेव्हा तक्त्याचा मजकूर मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत त्याआधी तपासून मिळाला, तर दोन्ही कामे एकाच वेळी यंत्रावर घेता येतील.