लक्ष्मीकांत बेर्डे आणि ‘माकडचेष्टां’चा आरोप : आपापले अनुभव

गेल्या महिन्यात दादरला एका नातलगाच्या साखरपुड्यात पंगतीतच वाद निघाला. पुतण्याचे म्हणणे असे की, ‘धूमधडाका’नंतरच्या दहा वर्षांत मराठी चित्रपटाला जो बाष्कळपणा चिकटला, त्याचे खापर लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याच डोक्यावर फोडले पाहिजे, डोळे वटारणे, किंचाळणे आणि पडणे-धडपडणे यापलीकडे त्यांनी केले तरी काय? मी त्या वेळी गप्प बसलो, आणि घरी आल्यावर त्या गप्प बसण्याचीच चुटपुट लागली. गिरगावात वाढलेला हा माणूस मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता नाटकांतून मिळतील त्या लहानसहान भूमिका करत होता. पुरुषोत्तम बेर्डे यांचे ‘टूरटूर’ १९८३ साली रंगभूमीवर आले तेव्हा कुठे त्याच्याकडे लोकांचे लक्ष गेले, आणि १९८५ साली महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ लागला तेव्हा तो तिशीत पोहोचला होता. ज्याला आपण अंगचा वाह्यातपणा समजतो, त्याच्या मागे रंगमंचावरची इतकी वर्षे उभी होती. म्हणून मी काही परिचितांना लिहिण्याची विनंती केली. नुसती स्तुती नको, स्वतः पाहिलेले सांगा, एवढीच अट घातली. आलेल्यांपैकी काही मजकूर पुढे देत आहे.

गिरगाव, निवृत्त बँक कर्मचारी

मी लक्ष्याची नक्कल केलेली आहे, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे. १९९० च्या आसपास आमच्या चाळीच्या गणेशोत्सवात आम्ही एक विनोदी एकांकिका बसवली आणि त्यातील गड्याचे काम ‘लक्ष्या-स्टाइल’ करायचे, असे मंडळाच्या बैठकीत एकमताने ठरले. आम्ही व्हीसीआर भाड्याने आणला, ‘अशी ही बनवाबनवी’ची कॅसेट तीन रात्री पुढे-मागे करून पाहिली, आणि मी आरशासमोर डोळे वटारण्याची तालीम केली. प्रयोगाच्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत समोरची पोरे हसली. त्यानंतर कोणीही हसले नाही, आणि मी जितका ओरडत गेलो तितके मांडवातील लोक भेळ आणायला उठत गेले.

काय चुकले ते कळावे म्हणून मी ती कॅसेट पुन्हा पाहिली. या वेळी मी त्याची वाक्ये सुरू असतानाचा लक्ष्या न पाहता, समोरचा बोलत असतानाचा लक्ष्या पाहिला. अशोक सराफ बोलत असतात तेव्हा हा ऐकत असतो, खरोखरच ऐकत असतो. स्वतःची पाळी कधी येते याची वाट पाहत उभा नसतो. घाबरणे आधी चेहऱ्यावर उमटते, मग खांद्यांत उतरते, आणि शब्द सर्वांत शेवटी येतो. मी नेमका उलटा क्रम लावला होता. डोहाळजेवणाच्या गाण्यात साडी नेसलेला तो पुरुष आपण पुरुष आहोत हे क्षणभरही आठवू न देता बसतो, आणि तरीही ते आपल्याला ठाऊक असते म्हणूनच आपण हसतो. याला माकडचेष्टा म्हणणाऱ्याने एकदा चाळीच्या मांडवात उभे राहून पाहावे.

लालबाग, शिवणकाम करणाऱ्या गृहिणी

१९८२ च्या संपानंतर आमच्या वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. त्यानंतरची काही वर्षे ते घरात फारसे बोलत नसत. एकदा मामाने आम्हा सर्वांना ‘भारतमाता’ला ‘दे दणादण’ दाखवायला नेले. तिथे बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि आईने घाबरून त्यांची पाठ चोळली. चित्रपट चांगला होता की वाईट, ते मला सांगता येणार नाही.

ठाणे, प्राथमिक शिक्षिका

मुलांना गोष्ट सांगताना मी हातमोज्याची बाहुली वापरते, म्हणून ‘झपाटलेला’विषयी लिहिते. रामदास पाध्ये यांनी केलेला तो बाहुला सर्वांच्या लक्षात आहे, पण बाहुला भीतिदायक ठरतो तो त्याच्याकडे पाहणाऱ्यामुळे. बाहुलीकडे मी स्वतः खरे मानून पाहिले नाही, तर पहिलीची मुलेसुद्धा लगेच माझ्या हाताकडे पाहू लागतात. लक्ष्मीकांत त्या बाहुल्याशी एखाद्या सहकलाकाराशी बोलावे तसे बोलतात, आणि म्हणूनच १९९३ सालच्या त्या चित्रपटाला आजही माझ्या वर्गातील मुले घाबरतात.

बोरिवली, अनुवादक

मी विरोधी बाजूने लिहितो आहे. ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ यांमुळे हा नट देशभर पोहोचला हे खरे, पण मराठीत नायकाच्या बरोबरीने पडदा व्यापणाऱ्या माणसाला हिंदीत घरगड्याच्या भूमिकेत पाहणे मला आजही खुपते. काम चांगलेच केले, मात्र माझी तक्रार कायम आहे.

(या तक्रारीशी मी सहमत आहे, फक्त ती नटाविरुद्ध करावी की भूमिका वाटणाऱ्यांविरुद्ध, एवढाच आमच्यातील मतभेद.)

गोरेगाव, निवृत्त महापालिका कर्मचारी

मी लिहिणार आहे ती माझीच चूक आहे. १९९२ साली जब्बार पटेल यांचा ‘एक होता विदूषक’ आला, लेखन पु. ल. देशपांडे यांचे, गीते ना. धों. महानोरांची, आणि तमाशातून चित्रपटात व पुढे राजकारणात ओढल्या जाणाऱ्या सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत. त्यांना त्याच त्या भूमिका करत असल्याबद्दल नावे ठेवणाऱ्यांत मी आघाडीवर होतो, म्हणून हौसेने गेलो. चित्रपटगृह अर्धेही भरले नव्हते. मागच्या रांगेतील मंडळी तो पडद्यावर दिसताच हसू लागली, आणि तो हसवत नाही असे दिसल्यावर चुळबुळ करू लागली. थोड्या वेळाने माझा मेहुणा म्हणाला, “हा काही आपला लक्ष्या नव्हे, चल.” मध्यंतरात आम्ही बाहेर पडलो, समोरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली आणि ७.४० ची लोकल पकडली. चित्रपट चालला नाही, हे पुढे कानावर आले तेव्हा आम्हाला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

१६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी ते गेले. त्यानंतर एका रविवारी मी सीडी आणली आणि मध्यंतरापासून पुढचा चित्रपट पाहिला. मेहुण्यालाही बोलावले होते. तो शेवटपर्यंत बसला.