गेटचे कॅमेरे बाहेरून का दिसत नाहीत?

सचिव, ए-१०२: नवीन ब्रॉडबँड जोडल्यापासून गेटचे कॅमेरे सोसायटीच्या वाय-फायवर दिसतात, परंतु बाहेरगावी असताना उघडत नाहीत. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) बसवणाऱ्याचे म्हणणे असे की, स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घेऊन पोर्ट, म्हणजे बाहेरून डीव्हीआरपर्यंत थेट येण्याचा मार्ग, उघडावा. सभासदांनी आपले मत कळवावे.

बी-४०२: काका, काल रात्री मी राउटरचे पान उघडून पाहिले, तर वॅनचा, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता १००.७२ ने सुरू होतो. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवला गेला. म्हणजे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे आपल्यासारखी अनेक घरे बसवलेली आहेत. आतून बाहेर गेलेल्या मागणीची नोंद राहते म्हणून तिचे उत्तर परत येते, पण बाहेरून प्रथमच आलेली मागणी नेमकी कोणाकडे पाठवायची, हे तिथल्या यंत्रणेला कळत नाही.

सी-२०३: अशी वेळ का आली?

बी-४०२: ताई, इंटरनेटवरील पत्ते ठरवणाऱ्या १९८१ च्या आयपीव्ही४ मानकात पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते जेमतेम ४३० कोटी आहेत, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. आयपीव्ही६ या नव्या मानकात पत्ता १२८ बिटांचा असतो, त्यामुळे एकच पत्ता अनेक घरांत वाटावा लागत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलला तो मिळतोही. ब्रॉडबँडवर तो सुरू करून द्यावा, अशी लेखी मागणी आपण करावी.

ए-५०१: मग प्रत्येक कॅमेरा जगाला उघडा पडणार नाही का?

बी-४०२: आपली शंका अगदी रास्त आहे, काका. पत्ता सार्वजनिक असला तरी बाहेरून येणारी जोडणी राउटरच्या फायरवॉलने (नको असलेल्या जोडण्या रोखणाऱ्या सोयीने) अडवलीच पाहिजे, आणि ते सेटिंग मी स्वतः तपासेन. पोर्ट उघडण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातलेच पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्याच जोरावर ऑक्टोबरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी) सेवा देणाऱ्या ‘डाइन’ कंपनीवर हल्ला झाला, अमेरिकेत ट्विटरसारखी संकेतस्थळे काही तास उघडेनात. त्यापेक्षा राउटरवर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून सोसायटीच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित, कुलूपबंद मार्ग (व्हीपीएन), बसवू. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही.

सचिव, ए-१०२: मागणीपत्र उद्या पाठवतो. राउटरचे काम रविवारी अकरा वाजता करू.

बी-४०२: जरूर. डीव्हीआरचा पासवर्ड मात्र आज संध्याकाळीच बदलू या, कारण खालच्या स्टिकरवर छापलेलाच अजून चालतो आहे.