देव पहिला म्हणजे नेमकं काय

ताई, सोयाबीनची काढणी, सासूबाईंचं आजारपण, लेकरांच्या शाळा, यात देव शेवटी उरतो असं तुम्ही लिहिलंत. त्यावर एका दादांचं उत्तर आलं, 'काम हीच प्रार्थना.' मला ते पटत नाही. काम देवाला अर्पण करता येतं, पण त्याच्याशी बोलायला वेगळा वेळ लागतोच.

आम्हा कॅथलिकांकडे ऑक्टोबरात काढणी आणि रोझरीचा, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेचा महिना एकदमच येतात. मळणीयंत्र दारात उभं, मजूर खोळंबलेले. तरी आई चुलीपुढे बसून रोझरीची पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, म्हणायचीच. पिठाचे हात पदराला पुसायची, मणी पुढे सरकवायची, भाकरी उलटायची की पुन्हा 'नमो मरिये'. वीस मिनिटांत रोझरी व्हायची आणि आम्ही लेकरं उत्तरं द्यायचो. दिवसाचा पहिला वेळ देवाचा, मग रानाचा, एवढं तिचं पक्कं होतं.

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकली तर मनाला लावून घेऊ नका. औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला प्रदेश, १९७७ साली झाला, पण मराठवाड्यात अजूनही कितीतरी गावांना चर्च लांबच पडतं. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. आणि आजारी माणसाला किंवा तान्ह्या बाळाला सोडून निघता येत नसेल, तर ख्रिस्तसभाच (कॅथलिक चर्च) रविवारच्या मिस्साला येण्याचं बंधन शिथिल करते. लग्नाच्या पंगतीसाठी मात्र ही सूट नाही, हेही स्पष्ट सांगते.

सासूबाईंसाठी फादरांना आजच फोन करा. आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली भाकर, देता येतं. तेव्हा तुम्हीही शेजारी बसून कम्युनियन घ्या.